केजे-६६चं मॉडेल करायचंय: टी-मॅट्स, पायसायकल की थेट सीएफडी?

केजे-६६ हे घरच्या वर्कशॉपमध्ये बांधता येणारं छोटं जेट इंजिन. टर्बोचार्जरचं ६६ मिलिमीटरचं कॉम्प्रेसर चाक, एकच अक्षीय टर्बाइन, मिनिटाला सुमारे १,२०,००० फेरे, थ्रस्ट साधारण ७५ न्यूटन. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हे घेतलं की गट आधी सीएफडीकडेच, म्हणजे वायूच्या प्रवाहाच्या संगणकीय गणिताकडेच, धावतो. रंगीत चित्रं व्हायवाला शोभतात हे खरं. पण अख्ख्या इंजिनाचा मेश (गणितासाठी पाडलेले बारीक तुकडे), त्यात केरोसीनचं ज्वलन, एवढा खटाटोप करून हाती लागतो एकच ऑपरेटिंग पॉइंट. अर्ध्या थ्रॉटलला ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) किती, असं कुणी विचारलं की गणित पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सुरुवात सायकल मॉडेलनेच, म्हणजे कॉम्प्रेसर, ज्वलन, टर्बाइन यांना समीकरणांनी जोडणाऱ्या मॉडेलनेच, करा.

असं मॉडेल बनवायची सॉफ्टवेअर म्हणजे टी-मॅट्स आणि पायसायकल; दोन्ही नासाची, दोन्ही मोफत. टी-मॅट्स मॅटलॅबच्या सिम्युलिंकमध्ये चालतं, त्यामुळे ते फुकट असलं तरी मॅटलॅबचं लायसन्स कॉलेजकडे हवं. त्याचा जोर ट्रान्झिएंटवर, म्हणजे वेग बदलतानाच्या स्थितीवर: ईसीयूने (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने) इंधन किती झपाट्याने वाढवलं तर कॉम्प्रेसर सर्जमध्ये (हवा उलटी वाहू लागते त्या स्थितीत) जाईल, हे त्यात नीट दिसतं. पायसायकल पायथॉनमध्ये आहे, लायसन्सची कटकट नाही आणि डिझाइन ऑप्टिमाइझ करायला ते उत्तम. मात्र सुरुवातीचे अंदाज चुकले की समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर अडून बसतो आणि एरर मेसेज वाचून फारसं काही उमगत नाही. गॅसटर्ब हे सॉफ्टवेअर या दोन्हींपेक्षा झटपट, पण विकतचं. शिवाय आतली समीकरणं स्वतः मांडायची संधी जाते, म्हणून प्रोजेक्टसाठी मी ते सुचवणार नाही.

कोणतंही निवडा, खरी अडचण मॅपची, म्हणजे वेगवेगळ्या वेगांना कॉम्प्रेसर किंवा टर्बाइन कसं काम करतं ते दाखवणाऱ्या आलेखाची आहे. उदाहरणांसोबत येणारे मॅप मोठ्या इंजिनांचे असतात आणि ते नुसते स्केल करून वापरले की आकडे फार गोड येतात. छोट्या चाकात पात्याची उंची काही मिलिमीटरच असते, पण पातं आणि शेल यांतली फट त्या प्रमाणात कमी करता येत नाही. टर्बाइनची उष्णताही कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचते. सेकंदाला ०.२३ किलो हवा आणि २.२ प्रेशर रेशो (म्हणजे दाब २.२ पट) धरा: कार्यक्षमता ७५ टक्के असेल तर कॉम्प्रेसरला सुमारे २२.४ किलोवॉट लागतात, ७० टक्के असेल तर २४. वरचे १.६ किलोवॉट काढायला टर्बाइनला जास्त तापमान लागतं, म्हणजे इंधन वाढलं आणि ईजीटीही.

सीएफडीचा उपयोग इथे आहे. चाकाचा एकच पॅसेज (दोन पात्यांमधली वाट) घ्या, पीरिऑडिक सीमा (तोच भाग चाकभर पुन्हा येतो असं मानणाऱ्या) लावा, तीन-चार स्पीड लाइन (एकेका वेगाच्या रेषा) काढा आणि तो मॅप सायकल मॉडेलमध्ये भरा. ओपनफोम या सीएफडी सॉफ्टवेअरवर हे जमतं. टर्बोचार्जर कंपनीचा छापील मॅप मिळाला तर काम हलकं होईल, पण तो व्होल्यूटसकट (गोगलगायीसारख्या कवचासकट) मोजलेला असतो. केजे-६६मध्ये व्होल्यूटऐवजी पात्यांचा डिफ्यूझर (हवेचा वेग कमी करून दाब वाढवणारा भाग) आहे, तेव्हा त्या मॅपमधली सर्ज लाइन जशीच्या तशी उचलू नका.