लिनियरसाठी एचव्ही कनेक्टर: चार बघितले, एक ठेवला

माझा होमब्रू लिनियर (हॅम रेडिओचा सिग्नल वाढवणारा, घरी बनवलेला अँप्लिफायर) दोन डब्यांत आहे. टेबलाखाली ३००० व्होल्टचा, म्हणजे हाय व्होल्टेज (एचव्ही) सप्लाय (उचलायला गेलं की कंबर धरते म्हणून तो खालीच), वर ३-५००झेड ट्यूबचा आरएफ (रेडिओ सिग्नलचा) डबा, आणि या दोघांमधे जी एक केबल जाते तिच्या टोकाला काय लावायचं यात मी वर्षभर घोळ घातला.

दुकानात एचव्ही कनेक्टर मागा, हमखास पीएल-२५९ (अँटेनाच्या केबलचा आट्यांचा कनेक्टर) काढून देतात, वर "अँटेनाला चालतो तर याला का नाही" हे ऐकायचं. त्याची ऐपत ५०० व्होल्टची. पण रेटिंग सोडा, खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे, मधली पिन चक्क बाहेर डोकावते, आणि आट्या सैल झाल्या की शेलचा (बाहेरच्या कवचाचा, म्हणजे अर्थिंगचा) कॉन्टॅक्ट जातो तरी पिन आत टेकलेलीच असते. म्हणजे अर्थ गेला, एचव्ही चालू. आता करंटला परत जायला वाटच नाही, त्यामुळे ट्यूबमधून येऊन आख्खा आरएफ डबा एचव्हीवर चढून बसतो आणि तुमचा हात ट्यूनिंगच्या नॉबवर. सप्लायच्या कपॅसिटरचे २५ मायक्रोफॅरड ३००० व्होल्टला म्हणजे ११२ ज्यूल, ते काही गुदगुल्या करत नाहीत.

मग भंगारातून एमएचव्हीची जोडी मिळाली, स्वस्तात, नावातच हाय व्होल्टेज म्हणून मी खूश. हा तर जास्तच फसवा निघाला. दिसायला सेम बीएनसी (साध्या सिग्नल केबलचा छोटा कनेक्टर), जोर लावला तर बीएनसीत घुसतोसुद्धा, आणि काढताना मधल्या पिनेच्या आधी अर्थ सुटू शकतो. म्हणजे पीएल-२५९ चंच दुखणं, फक्त भारी कपड्यात.

मिलन टाइप मात्र आवडला. जुन्या अमेरिकन लिनियरवर दिसतो तो जाडजूड काळा, पिन इतकी खोल की बोट पोचत नाही. पुतण्या न्यू जर्सीहून येताना घेऊन आला, आठ महिने वापरला, एकदाही ठिणगी नाही. पण हा एकच वायर नेतो, अर्थ त्यात नाहीच, म्हणून दोन्ही डब्यांच्या चेसिसमधे जाड जाळीची पट्टी नटबोल्टने वेगळी आवळावीच लागते. ती पट्टी विसरलात तर वर सांगितलेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी एसएचव्ही. ५००० व्होल्ट डीसी, ५ अँपिअर, माझा प्लेट करंट (ट्यूबला लागणारा) अर्ध्या अँपिअरच्याही आत. फोटोमल्टिप्लायर, रेडिएशन डिटेक्टर असल्या लॅबच्या सामानावर हाच असतो. लावताना अर्थ आधी जुळतो, काढताना शेवटी सुटतो, पिन आत दडलेली, आणि बीएनसीत जात नाही. पैसे वसूल म्हणेन, जरी दोन जोड्यांच्या पैशात घरच्या सगळ्यांची मिसळ झाली असती. वैताग फक्त फिटिंगचा, सोललेल्या जाळीचा एक जरी केस मधल्या इन्सुलेशनवर राहिला तर तिथेच चटचट सुरू होतं, मी पहिला तसाच वाया घालवला. केबल भरीव पॉलिथिनची घ्या, फोमवाली नको. आणि गाडीच्या स्पार्क प्लगची वायर वापरणारे भेटतात, त्यांनी आधी मीटर लावून बघावं, कार्बनवाल्या वायरीत हजारो ओम निघतात, प्लेटचं व्होल्टेज वाटेतच खाऊन टाकेल.

एसएचव्ही लावला तरी अर्थची पट्टी मी काढली नाही, आणि सप्लाय बंद करून मीटर शून्यावर आल्याशिवाय आजही केबलला हात लावत नाही. एमएचव्हीची जोडी फेकवत नाही म्हणून ड्रॉवरमधे पडलीये, बीएनसीच्या डब्यापासून लांब, चिकटपट्टी गुंडाळून.