राजस्थानात जेवायचं कुठे: ढाणी, थाळी की साधं भोजनालय?

जयपूर-जोधपूर-उदयपूर अशी आठ दिवसांची सहल ठरली की हॉटेलांवर महिनाभर चर्चा होते आणि जेवणाचा प्रश्न गाडीच्या ड्रायव्हरवर सोडला जातो. तो नेतो तिथे पनीर बटर मसाला आणि तंदुरी रोटी मिळते. मग घरी परतल्यावर मत तयार असतं, की राजस्थानी जेवण म्हणजे नुसतं तेल आणि तिखट. मला हे मनापासून खटकतं, कारण ते जेवण त्यांनी खाल्लेलंच नसतं.

मी तिथे तीनदा जाऊन आले. एकदा आम्ही दोघंच, एकदा सासू-सासऱ्यांबरोबर, एकदा लहान मुलांच्या घोळक्यासह. तिन्ही वेळा जेवणाच्या जागा वेगळ्या निवडाव्या लागल्या. अस्सल शाकाहारी राजस्थानी जेवण बाहेर खायचं तर मुख्य मार्ग चार आहेत: खेड्याचा देखावा उभारलेली ढाणी, अनलिमिटेड थाळी, जुन्या मिठाईवाल्याचं रेस्टॉरंट आणि दाल-बाटीचं साधं भोजनालय.

जागा निवडण्याआधी पानात काय असायला हवं ते माहीत पाहिजे. पाणी कमी, हिरवी भाजी कमी, गुरं मात्र भरपूर. त्यामुळे हा स्वयंपाक दूध, दही, ताक, तूप, बेसन आणि वाळवणांवर उभा आहे. बेसनाच्या वळ्या उकडून, कापून दह्याच्या रश्शात सोडल्या की गट्टे. मूगवड्या आणि पापडसुद्धा भाजीत पडतात. आणि सगळ्यात महत्त्वाची केर-सांगरी. केर म्हणजे काटेरी झुडपाची मिरीहून मोठी, आंबट-तुरट फळं. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. दुष्काळात माणसांना आणि जनावरांना तारणारं हे झाड. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 साली ही झाडं वाचवताना अमृतादेवींसह 363 बिष्णोईंनी प्राण दिले. 1983 पासून हा राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. एवढा इतिहास असलेली भाजी वाटीत चमचाभरच येते, कारण वाळलेली चांगली सांगरी महाग असते. म्हणून माझी पहिली परीक्षा हीच: आत शिरण्याआधी विचारायचं, "आज केर-सांगरी है क्या?" हो म्हणाले तर निदान स्वयंपाकघराला वाळवंटाची आठवण आहे असं समजायचं.

आता ढाणी. मारवाडीत ढाणी म्हणजे शेतातली चार घरांची वस्ती. या प्रकारातलं सर्वांना माहीत असलेलं नाव म्हणजे जयपूरबाहेर टोंक रोडवरची चोखी ढाणी. संध्याकाळी जायचं, तिकिटात प्रवेश आणि जेवण दोन्ही. आधी कठपुतळ्या, कालबेलिया नाच, मेंदी, उंट; मग मांडी घालून पंगतीला. हे जुन्या शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे, त्यामुळे जाणं-येणं धरून अख्खी संध्याकाळ द्यावी लागते, आणि माणशी खर्चही साध्या थाळीच्या दुप्पट-तिप्पट पडतो. पाच ते बारा वयाची मुलं बरोबर असतील तर ती संध्याकाळ सोन्यासारखी जाते. आमच्या घोळक्यातली पोरं आजही तिथल्या जादूगाराबद्दल बोलतात. पण ज्याला फक्त जेवायचं आहे त्याने इथे येऊ नये. शेकडो लोकांसाठी एकाच वेळी रांधलेल्या बाटीला आणि फुलक्याला मर्यादा येणारच. गुडघे दुखणारं कुणी असेल तर खुर्चीची सोय आधी विचारून घ्या. पुणेकरांसाठी आणखी एक गोष्ट: वाघोलीलाही चोखी ढाणी आहे. तिथे जाऊन आला असाल तर जयपूरची ती संध्याकाळ दुसऱ्या कशासाठी तरी ठेवा.

थाळीकडे मी जास्त आशेने बघते. उदयपूरचा नटराज डायनिंग हॉल, जोधपूरच्या सरदारपुऱ्यातलं जिप्सी ही नावं कुणीही सांगेल. ठरलेली किंमत, बसल्याबरोबर सात-आठ वाट्या, आणि वाढपी सतत फिरतीवर. गरम फुलका, त्यावर तूप, डाळ, कढी, गट्टे, एखादी सुकी भाजी, एखादं गोड. पहिल्या दिवशी पहिलं जेवण थाळीचंच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण एका बैठकीत दहा पदार्थांची ओळख होते आणि पुढच्या दिवसांत काय मागवायचं ते कळतं.

मात्र एक फरक ओळखायला शिका. बऱ्याच थाळ्या गुजराती आणि राजस्थानी अशा मिश्र असतात. डाळीत गूळ लागला, ढोकळा किंवा पात्रा (आपली अळूवडी) आला, भाजीत गोडसर चव आली, की ती बाजू गुजरातची. वाईट काहीच नाही त्यात. मेवाड, म्हणजे उदयपूरकडचा भाग, गुजरातला लागूनच आहे आणि लहान मुलांना, कमी तिखट खाणाऱ्यांना हे जेवण फार मानवतं. सासूबाई तर त्या दिवशी पोटभर जेवल्या. पण मारवाडची, म्हणजे जोधपूरकडची, चव शोधत आला असाल तर पानात लसणाची लाल चटणी, बाजरीची रोटी, गट्टे आणि केर-सांगरी यांपैकी निदान तीन गोष्टी हव्यात. जोधपूरजवळच्या मथानिया गावच्या लाल मिरचीचा रंग कढईत दिसला की ओळख पटते.

थाळीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते ती म्हणजे मनुहार, आग्रहाचं वाढणं. तो वरवरचा नसतो, पाहुण्याला रीतच तशी आहे. "बस" म्हटल्यावर अर्धा फुलका येतो, "अब नहीं" म्हटल्यावर तुपाची धार. खरंच थांबायचं असेल तर पानावर दोन्ही हात आडवे धरायचे, हसून. पोट बिघडलेल्या माणसाने किंवा दोन घासांत तृप्त होणाऱ्या वृद्धाने या पंगतीत पैसे घालू नयेत.

अशांसाठी जुन्या मिठाईवाल्याचं रेस्टॉरंट. जयपूरच्या जोहरी बाजारातलं लक्ष्मी मिष्ठान्न भांडार, म्हणजे सगळ्यांचं एलएमबी, 1954 पासून तिथे आहे. एसी, टेबल-खुर्ची, मेनूकार्ड. हवं तेवढंच मागवा. एक गट्ट्याची भाजी, दोन फुलके, ताक, वर घेवराचा तुकडा. श्रावणात तीजेच्या सुमारास गेलात तर घेवर ताजा आणि जागोजाग असतो, जाळीदार, तुपात तळून पाकात बुडवलेला. एकेक पदार्थाचा हिशोब थाळीहून चढा जातो, पण सासऱ्यांसारख्या कमी जेवणाऱ्यासाठी तोच स्वस्त पडतो.

आणि आता माझं लाडकं, साधं भोजनालय. लोखंडी टेबलं, स्टीलची ताटं, भिंतीवर दरपत्रक. स्टेशन आणि बस स्टँडच्या आसपास ही असतातच, जयपुरात सिंधी कॅम्प बस स्टँडच्या परिसरात तर बरीच. इथे दाल-बाटी-चुरमा हेच मुख्य जेवण. जाडसर कणीक, भरपूर तुपाचं मोहन, घट्ट मळून गोळे, आणि निखाऱ्यावर किंवा भट्टीत भाजणं. वाढपी ताटातच बाटी हाताने फोडतो, वर तूप ओततो, मग पंचमेल, म्हणजे पाच डाळींची एकत्र डाळ. चुरमा त्याच बाटीचा, कुस्करून तूप-साखर घातलेला.

मराठी माणसाला ही चव परकी नाही, पण अपेक्षा चुकू शकते. खानदेशातली वरण-बट्टी खाऊन मोठं झालेल्याला बाटी कोरडी वाटते, कारण आपली बट्टी आधी उकडून मग तुपात तळलेली असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी मात्र गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आठवावेत, मग बाटी लगेच आपली वाटते. बाटीत तूप मुरायलाच हवं. "तूप कमी" असं सांगून मागवलेली बाटी घशाखाली उतरत नाही. तूप खायचं नसेल तर त्या दिवशी फुलका आणि गट्टे घ्या.

भोजनालयात धोका एकच, शिळी बाटी. महामार्गावरच्या एका ठिकाणी दुपारी चार वाजता आम्हाला सकाळची बाटी गरम करून दिली होती. सासऱ्यांची कवळी त्या दिवशी थोडक्यात वाचली. तेव्हापासून बसण्याआधी विचारते, "ताज़ी बाटी कब निकलेगी?" दहा-पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं तर ती शुभवार्ता समजा. भाजलेली ताजी बाटी बोटाने दाबली की उकलते, आत कच्ची पांढरी गाठ नसते. वेळ साधारण दुपारी बारा ते दोन, स्थानिक लोक जेवतात तेव्हा. बाहेर उभ्या माणसांकडे बघा; पिशव्या घेतलेले व्यापारी आणि रिक्षावाले दिसले तर निश्चिंत आत जा. स्वच्छतागृहाची मात्र फार अपेक्षा ठेवू नका. लहान बाळ बरोबर असेल तर हे एकच कारण थाळीकडे वळायला पुरेसं आहे.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं तिथे अडत नाही, जैन मंडळी भरपूर असल्याने "बिना प्याज-लसुन" म्हटलं की लगेच समजतं. लसणाची चटणी वेगळ्या वाटीत येते, ती बाजूला ठेवता येते.

तीनच जेवणं हाताशी असतील तर मी असं लावीन: पहिली दुपार थाळी, दुसऱ्या शहरात दाल-बाटी भोजनालयात, तिसरं मुलं असतील तर ढाणी, नसतील तर एलएमबी. दुपारी जड जेवलात तर रात्री पुन्हा पंगत नको. जोधपूरला घंटाघराजवळ मिर्चीवडा आणि मिश्रीलालची माखनिया लस्सी हे रात्रीचं पूर्ण जेवण होतं. जयपुरात रावत मिठाईवाल्याची प्याज कचोरी सकाळी खा, पण त्या दुपारी थाळी ठेवू नका. एक कचोरी अर्ध्या जेवणाएवढी असते. हिवाळ्यात गेलात तर जोधपूरकडे ओल्या हळदीची तुपातली भाजी जरूर मागा. ती उन्हाळ्यात मिळणार नाही.

परतीच्या आदल्या दिवशी बाजारातून पाव किलो सांगरी आणि थोडे केर घ्या. सांगरी बारीक आणि कोवळी बघून घ्यायची, जाड शेंगेत बी कडक असते. केर लहान असलेले चांगले. दोन्ही रात्रभर भिजवायचे, केरांना ताकाचं पाणी चांगलं. सकाळी उकडून तेलावर लाल मिरची, धने आणि आमचूर घालून परतायचे. आमच्या घरी ती बाजरीच्या भाकरीबरोबर दोन दिवस पुरते.