एम बँडचा फॉलोअप: इलेक्ट्रोफोरेसिसवर भर द्यावा की फ्री लाइट चेनवर?

एम बँड म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींच्या एकाच घराण्याने बनवलेली एकसारखी अँटिबॉडी, जी रक्ताच्या ग्राफवर टोकदार शिखर होऊन दिसते. पहिल्यांदा निदान होताना सगळंच करतात, सीरम इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून त्यांचा ग्राफ काढणं), इम्युनोफिक्सेशन (बँड कुठल्या प्रकारचा ते ओळखणं) आणि फ्री लाइट चेन (अँटिबॉडीचे सुटे छोटे तुकडे मोजणं), आणि ते तिन्ही करायलाच हवं, तिथे निवडीचा प्रश्नच नाही. खरी पंचाईत नंतर होते. एमजीयूएसचा (बँड आहे, पण मायलोमा म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर नाही, अशी अवस्था) शिक्का बसला, डॉक्टर म्हणाले आता औषध काही नाही, नुसतं लक्ष ठेवायचं, आणि मग प्रत्येक वेळी रक्त देताना आपणच विचारात पडतो की यातल्या कुठल्या आकड्याकडे बघून शांत झोपायचं.

माझं आयजीजी कप्पा आहे, म्हणजे अँटिबॉडीचा प्रकार आयजीजी आणि तिची लाइट चेन कप्पा (दुसरी जात लॅम्ब्डा), बँड डेसिलिटरला अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर, सहा वर्षं झाली. पहिली दोन-अडीच वर्षं मी फ्री लाइट चेनचा पक्का समर्थक होतो, आता नाही. का बदललो ते सांगतो, पण मी डॉक्टर नाही, तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टचं मत वेगळं असेल तर त्यांचंच ऐका, त्यांच्यासमोर तुमची पूर्ण फाइल असते आणि माझ्यासमोर फक्त माझी.

आधी फ्री लाइट चेनची बाजू, कारण ती खरंच दमदार आहे. २००१ च्या सुमारास ही टेस्ट आली तोपर्यंत मोकळ्या लाइट चेन शोधायच्या म्हणजे चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवायची, ज्यांनी जमवलीय त्यांना विचारा. ही साध्या रक्तावर होते. दुसरं म्हणजे वेग. आयजीजीचं अर्धं आयुष्य साधारण तीन आठवडे, तर मोकळी लाइट चेन निरोगी किडनी काही तासांत काढून टाकते, त्यामुळे शरीरात आज काय चाललंय ते हिच्यात लवकर दिसतं. एमजीयूएसची जोखीम ठरवताना पण कप्पा-लॅम्ब्डाचा रेशो लागतोच: बँड १.५ ग्रॅमच्या वर आहे का, आयजीजी सोडून दुसरा प्रकार आहे का आणि रेशो बिघडलाय का, हे तीन प्रश्न. इलेक्ट्रोफोरेसिस त्यापुढे आजोबांच्या काळातलं वाटतं. ते तसं आहेच म्हणा, टिसेलियसना त्यासाठी नोबेल मिळालं १९४८ ला. मला पण तसंच वाटायचं. नवीन टेस्ट, नेमका आकडा, दशांशासकट, मग हवंय काय?

तर झालं असं की एका वेळी माझा रेशो २.५ आला. आधी तो १.९ च्या आसपास रेंगाळायचा, नॉर्मल ०.२६ ते १.६५, म्हणजे लाल बाण आधीपासून होताच पण त्याची सवय झाली होती. आता १.९ वरून २.५. रिपोर्ट मोबाइलवर आला शुक्रवारी संध्याकाळी (असे रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळीच का येतात हा वेगळा विषय) आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. ते तीन आठवडे मी पाठ दुखली तरी हाड असेल म्हणायचो, थकलो तरी हिमोग्लोबिन असेल म्हणायचो, बायको शेवटी म्हणाली की आता तू गुगल बंद कर नाहीतर मी वायफाय बंद करते.

डॉक्टरांनी रिपोर्टकडे जेमतेम पाच सेकंद बघितलं आणि विचारलं, क्रिएटिनिन किती? ही किडनीची टेस्ट, ते १.५ होतं, आधीपेक्षा थोडं वर. मग त्यांनी लॅबला फोन लावून विचारलं की किट तेच आहे का, तर किट मधल्या काळात बदललेलं. संपला विषय. त्यांनी समजावलं ते साधारण असं: आपलं शरीर कप्पा लॅम्ब्डाच्या जवळपास दुप्पट बनवतं, पण कप्पा सुटी आणि छोटी असते, लॅम्ब्डा जोडीने फिरते म्हणून मोठी, त्यामुळे चांगली किडनी कप्पाला झटपट बाहेर काढते आणि रक्तातला रेशो एकच्या खाली राहतो, ०.६ च्या आसपास. किडनी मंदावली की हा फायदा जातो, कप्पा साठत जाते आणि रेशो आपोआप वर सरकतो, प्लाझ्मा पेशींनी काहीही वेगळं केलेलं नसताना. म्हणून किडनी कमजोर असलेल्यांसाठी ०.३७ ते ३.१० अशी वेगळी रेंज वापरतात. आइसलँडमध्ये ७५ हजारांवर लोकांची तपासणी करणारा जो आयस्टॉपएमएम नावाचा मोठा अभ्यास चालू आहे, त्यातूनही किडनीच्या कामानुसार वेगवेगळ्या रेंज सुचवल्या गेल्यात. माझ्या रिपोर्टवर मात्र तीच एक सरसकट रेंज आणि तोच लाल बाण. आणि किटचं म्हणाल तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटमधल्या अँटिबॉडीज वेगळ्या, एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवून वाढला-कमी झाला म्हणताच येत नाही. रिपोर्टवर किटचं नाव कुठेही नव्हतं. नुसत्या रेशोच्या जोरावर मायलोमा म्हणायला तो १०० लागतो, तोही वाढलेली लाइट चेन लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर, आणि मी २.५ घेऊन मृत्युपत्राचा विचार करत होतो.

आता कोणी म्हणेल इलेक्ट्रोफोरेसिस काय चुकत नाही का? चुकतं की. माझाच बँड एकदा ०.६ आला, पुढच्या वेळी ०.९, म्हणजे दीडपट. पण तेव्हा मी दोन्ही ग्राफ खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले आणि शिखर जवळजवळ तंतोतंत बसलं. फरक होता तो शिखराच्या बुडाशी मारलेल्या रेघांचा. एकदा कोणीतरी शिखराचा नुसता वरचा भाग मोजलेला, दुसऱ्यांदा दोन्ही बाजूंनी उभ्या रेघा थेट खालपर्यंत टाकून आजूबाजूच्या नॉर्मल गॅमाचा (ग्राफचा तो भाग जिथे बहुतेक अँटिबॉडीज दिसतात) खालचा थर पण धरलेला. मला, एका सामान्य पेशंटला, घरच्या खिडकीत हे दिसलं. लॅबमध्ये गेलो, तिथल्या मॅडमनी दोन्ही कागद बघून मान्य केलं आणि जुन्या पद्धतीने पुन्हा मोजून दिलं, ०.६.

माझ्यासाठी सगळं इथेच ठरलं. दोन्हींचा आकडा चुकू शकतो, पण इलेक्ट्रोफोरेसिसची चूक कागदावर बघता येते, फ्री लाइट चेनच्या रिपोर्टमध्ये बघायला काहीच नसतं, तीन आकडे आणि एक बाण. २.५ चा अर्थ कळायला मला दुसऱ्याच एका टेस्टचा रिपोर्ट आणि लॅबला फोन लागला. आणि बँड हळूहळू हलतो ही तक्रार नसून सोय आहे असं आता वाटतं, निदान माझ्यासारख्या वर्षानुवर्षं नुसतं बघत बसणाऱ्यासाठी. मायलोमा पुन्हा वाढला असं म्हणायला पण बँड २५ टक्के वाढलेला लागतो आणि ती वाढ किमान अर्धा ग्रॅम लागते, त्यामुळे ०.६ चं ०.७ झालं म्हणून आता मी पंख्याकडे बघत जागत नाही.

अर्थात हे माझ्या प्रकाराला लागू. तुमची केस नुसत्या लाइट चेनची असेल तर माझं काहीच ऐकू नका, तिथे इलेक्ट्रोफोरेसिसवर सपाट गॅमा दिसतो आणि आजार मात्र असतो. मायलोमाच्या साधारण १५ ते २० टक्के केसेस तशा असतात. एएल अमायलॉइडोसिसमध्ये (लाइट चेन अवयवांत साठण्याचा आजार) पण फ्री लाइट चेनच लागते. आयजीए वाल्यांचं जरा मध्येच, त्यांचा बँड बऱ्याचदा गॅमाच्या शेजारच्या बीटा भागात ट्रान्सफेरिन आणि सी३ या नेहमीच्या प्रथिनांच्या मागे लपतो, ग्राफ बघून समाधान होत नाही, मग आयजीए वेगळं मोजून घेतात. आणि ट्रीटमेंट चालू असेल तर लवकर हलणारा आकडाच हवा, शिवाय डाराट्यूमुमॅब हे मायलोमाचं औषध (ते स्वतःच एक अँटिबॉडी आहे) चालू असताना ते औषधच इम्युनोफिक्सेशनवर आयजीजी कप्पा म्हणून उमटू शकतं, हे माहीत नसलं तर भलताच घोटाळा.

इम्युनोग्लोब्युलिनचे एकूण आकडे, म्हणजे आयजीजी, आयजीए, आयजीएम, यांच्या भरवशावर राहणारे पण आहेत. जोडीला ठीक आहे, बाकीच्या अँटिबॉडीज दबल्यात का ते कळतं, पण साधं इन्फेक्शन झालं तरी आयजीजी वर जातं, त्यात तुमचा बँड किती आणि बाकी किती ते वेगळं निघत नाही.

तुम्ही फ्री लाइट चेनच मुख्य धरायचं ठरवलंत तरी हरकत नाही, खूप लोक धरतात आणि चुकीचं नाही ते, फक्त त्याच दिवशी क्रिएटिनिन करा, लॅबला किटचं नाव विचारून रिपोर्टवर पेनाने लिहून ठेवा आणि युनिट बघा. काही लॅब लिटरमध्ये देतात, काही डेसिलिटरमध्ये, लॅब बदलली की ३१ चा ३.१ होतो आणि माणूस उगाच पेढे वाटायला निघतो. इलेक्ट्रोफोरेसिस धरलंत तर ग्राफ मागून घ्या, नुसता आकडा स्वीकारू नका, काही लॅब ग्राफ छापतच नाहीत आणि मग माझी अख्खी बाजू पडते. सीटी स्कॅनचं आयोडिनवालं डाय नुकतंच घेतलं असेल तर कॅपिलरी मशीनवर खोटं शिखर येऊ शकतं, तेव्हा स्कॅन आणि रक्त एकाच आठवड्यात उरकू नका. रक्त सीरमऐवजी प्लाझ्माच्या नळीत घेतलं तर रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन बीटा आणि गॅमाच्या मध्ये बँडसारखं उभं राहतं. जेल आणि कॅपिलरी या इलेक्ट्रोफोरेसिसच्या दोन वेगळ्या पद्धतींचे ग्राफ एकमेकांवर ठेवू नका, ते बसणारच नाहीत.

मी अजून दोन्ही करतो, खोटं कशाला बोलू. फक्त फ्री लाइट चेन आता वर्षातून एकदा, क्रिएटिनिनसोबत, आणि तो रिपोर्ट मी मोबाइलवर उघडत नाही, थेट डॉक्टरांसमोर उघडतो. ग्राफ मात्र आला की त्याच दिवशी खिडकीपाशी जातो.