स्टॉक एक्स्चेंजचा डबा : नऊ महिने, दर रविवारी

चिरंजीव आठवीत आहेत. वर्गातल्या पोरांचं बघून त्याला मोबाइलवर खोट्या पैशांचं ट्रेडिंग करायचं होतं. असल्या खेळांना बाजाराचे चालू भाव पुरवायला सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मे २०२४ मध्ये मनाई केली, हे भाऊजींनी सांगितलं आणि मला आयतं कारण मिळालं. मोबाइल राहिला बाजूला. दिवाळीच्या खरेदीला तुळशीबागेत गेले तेव्हा पिशवीत ‘स्टॉक एक्स्चेंज’ या जुन्या पत्त्यांच्या खेळाचा डबा टाकून आणला. कॉलेजात असताना मैत्रिणीकडे आम्ही हा खेळ रात्र रात्र खेळायचो. आता नऊ महिने झाले. दर रविवारी चहानंतर आमच्या जेवणाच्या टेबलाचा दलाल स्ट्रीट होतो, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं.

आधी खेळ काय ते. सहा कंपन्या. आमच्या डब्यात वोक्हार्ट २० रुपयांनी सुरू होते, एचडीएफसी २५, टिस्को ४०, ओएनजीसी ५५, रिलायन्स ७५ आणि इन्फोसिस ८०. नावांवरूनच खेळाचं वय कळतं. टिस्कोची टाटा स्टील झाली २००५ मध्ये, आणि एचडीएफसी १ जुलै २०२३ ला एचडीएफसी बँकेत विलीन झाली. सासऱ्यांकडे तिचे खरेखुरे पंचवीस शेअर होते, त्याचे बँकेचे बेचाळीस झाले. त्यामुळे टेबलावर कुणी एचडीएफसी मागितली की बाबा हटकून म्हणतात, ‘ती आता मिळत नाही.’ पहिल्या चार वेळा हसलो.

प्रत्येकाला रोख रक्कम मिळते, आम्ही सहा लाख धरतो. पत्ते पिसून प्रत्येकी दहा वाटायचे. पत्त्यावर कंपनीचं नाव आणि एक आकडा : अधिक पाच, उणे दहा, असं. स्वस्त शेअरचे आकडे लहान, महागाचे मोठे. आपले पत्ते फक्त आपण बघायचे. मग पाळीपाळीने एकेक सौदा : घ्या, विका किंवा पास म्हणा. अशा तीन फेऱ्या झाल्या की बाजार बंद. सगळे पत्ते टेबलावर उताणे करायचे, कंपनीगणिक बेरीज-वजाबाकी करायची आणि नवे भाव लिहायचे. हा झाला एक दिवस. आम्ही दहा दिवस खेळतो, पाच माणसं असली की अडीच तास सहज जातात.

एवढं वाचून वाटेल, की आपल्या हातात जे अधिक आहेत ते शेअर घ्यायचे, संपलं. पहिल्या रविवारी मी तेच केलं. हातात ओएनजीसीचे अधिक २० आणि अधिक १५ आले. भाव ५५. मी पहिल्याच फेरीत दहा हजार शेअर घेतले, साडेपाच लाख घातले आणि नव्वद रुपयांची वाट बघत बसले. पत्ते उलटले तर बाकीच्यांकडे मिळून ओएनजीसीचे उणे ४५. भाव पंचेचाळीसवर. एका दिवसात लाख रुपये गेले. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतही गप्प बसले होते, हे वाईट. माझ्यानंतर एकानेही ओएनजीसीला हात लावला नव्हता. चार माणसं एका कंपनीकडे ढुंकून बघत नाहीत, म्हणजे त्यांच्या हातात काय असणार हे मला दिसायला हवं होतं.

खरा खेळ हा आहे. आपल्या दहा पत्त्यांत बाजाराची थोडीच बातमी असते, उरलेली समोरच्यांच्या वागण्यातून वाचायची. तिघं खेळत असाल तर तिसरा हिस्सा बातमी तुमच्या हातात असते, मग हिशोबाला वजन येतं. सहा जण बसले की सहावा हिस्साच हातात, मग थापांचा सुकाळ. मला चार ते पाच जण बरे वाटतात. दोघांत खेळू नका, त्यात दम नाही.

थापांवरून आठवलं. दिवसभरात भाव बदलत नाही, हे या खेळातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम. तुम्ही कितीही खरेदी करा, भाव रात्रीच हलणार. नोव्हेंबरात भाऊजींनी याचा असा काही फायदा उठवला, की त्या दिवशी आमच्या घरात जेवण उशिरा झालं. पहिल्या फेरीत त्यांनी इन्फोसिसचे पाच हजार शेअर घेतले, चार लाखांना. घेताना पत्त्यांकडे बघून किंचित हसले. झालं. जाऊबाईंनी घेतले, मी घेतले, मुलाने तर होते ते सगळे पैसे घातले. तिसऱ्या फेरीत भाऊजींनी शांतपणे पाचही हजार विकून टाकले, त्याच ऐंशीच्या भावाला, आणि म्हणाले, ‘वहिनी, जरा पाणी देता का?’ त्यांच्या हातात इन्फोसिसचा उणे तीस होता. मुलाचा सौदा त्यांच्या आधी होऊन गेला होता, त्यामुळे त्याला विकायलाही पाळी उरली नव्हती.

खऱ्या बाजारात हे असं फुकट जमत नाही. तुमच्या मोठ्या खरेदीनेच भाव वर जातो, विकताना खाली येतो, वर दलाली आणि कर. शिवाय लोकांना फसवायला खोटी मागणी दाखवली तर सेबीची नोटीस घरी येते. टेबलावर मात्र सेबी नाही. म्हणून आम्ही घरचा नियम केला : प्रत्येक विक्रीवर एक टक्का दलाली खेळातल्या बँकेत. आता तीच थाप मारायला भाऊजींना चार हजार मोजावे लागतात. थापा बंद झाल्या नाहीत, पण दिवसाला एकच होते, आणि तीही विचार करून.

दुसरा नियम बसण्याच्या जागेचा. तिसऱ्या फेरीत जो शेवटी खेळतो त्याने सगळ्यांच्या चाली पाहिलेल्या असतात, आणि त्याच्या चालीवर उत्तर द्यायला कुणी उरत नाही. ही जागा म्हणजे सोन्याची खाण. पहिले दोन महिने आम्ही कायम बाबांपासून सुरू करायचो, वयाचा मान म्हणून. त्यात बिचाऱ्यांचं नुकसान होतंय हे डिसेंबरात त्यांच्याच लक्षात आलं. आता रोज सुरुवात एकेक खुर्ची पुढे सरकते. तुम्हीही हे पहिल्या दिवसापासून करा.

विशेष पत्ते हा भांडणाचा वेगळा विभाग. चलन अधिक दहा टक्के किंवा उणे दहा टक्के : हा फक्त हातातल्या रोख रकमेला लागतो. ‘काय ते शेअर, मी आपली पैसे धरून बसते’ म्हणणाऱ्या सासूबाईंना उण्याचा पत्ता दोनदा लागला आणि त्या तिसऱ्या रविवारपासून खरेदीला लागल्या. शेअर सस्पेंडेड टाकला की त्या कंपनीचा भाव कालच्या जागेवर जातो. एकाच कंपनीचे ५० हजार शेअर जमले की तुम्ही डायरेक्टर, आणि त्या कंपनीचा स्वतःच्या हातातला एक उणे पत्ता बाद करू शकता. लाख जमले की चेअरमन, मग दुसऱ्याचाही. प्रत्येक कंपनीचे एकूण शेअर दोन लाख, म्हणजे डायरेक्टर पंचवीस टक्क्यांचा. खऱ्या बाजारातही पंचवीस टक्क्यांनाच ओपन ऑफर द्यावी लागते, म्हणजे बाकीच्या भागधारकांचे शेअरही विकत घ्यायची तयारी जाहीर करावी लागते, फक्त तिथे त्या बदल्यात वाईट बातमी फाडून टाकायची सोय नाही.

राइट्स इश्यूवर, म्हणजे आधीच्या शेअरमागे स्वस्तात नवे शेअर देणाऱ्या पत्त्यावर, तर दोन रविवार वाया गेले. दोन शेअरमागे एक शेअर दहा रुपयांना. तुमच्याकडे इन्फोसिसचे दहा हजार असले तर पन्नास हजारांत आणखी पाच हजार मिळतात, ऐंशीच्या भावाने त्यांची किंमत चार लाख. पण हे पत्तावाल्यालाच की सगळ्या भागधारकांना? सोबतचं नियमांचं पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, नीट लागेना. बाबांची सगळी नोकरी बँकेत गेली. ते उठून कॅल्क्युलेटर घेऊन आले. ‘दोन शेअर ऐंशीचे आणि एक दहाचा, एकशे सत्तर भागिले तीन, छप्पन रुपये सदुसष्ट पैसे. राइट्सनंतर भाव इथे यायला पाहिजे. ऐंशीच कसा राहील?’ बरोबर आहे, खऱ्या बाजारात तसंच होतं आणि राइट्स सगळ्याच भागधारकांना मिळतात. आम्ही अर्धं ऐकलं. सगळ्यांना द्यायचे ठरवलं, भाव मात्र हलवायचा नाही. बाबा अजून तो पत्ता आला की ‘छप्पन सदुसष्ट’ एवढंच पुटपुटतात.

आणि शून्य. भाव शून्याला टेकला की कंपनी बंद, शेअर कागदजमा. जानेवारीत मुलाकडे वोक्हार्टचे पंधरा हजार होते, विसाच्या भावाने घेतलेले. एकाच रात्री उणे दहाचे दोन निघाले, अधिकचा एकही नाही. तीन लाख गेले. हातात डिबेंचरचा, म्हणजे कंपनीला दिलेल्या कर्जाच्या रोख्याचा, पत्ता असता तर सुरुवातीचा भाव परत मिळाला असता, पण तो जाऊबाईंकडे होता आणि त्यांच्याकडे वोक्हार्टचा शेअरच नव्हता. पोरगं काही न बोलता गॅलरीत जाऊन उभं राहिलं. बाबा मागे गेले आणि त्याला सांगत होते, कंपनी बुडाली की आधी कर्ज दिलेल्यांचे पैसे, शेअरवाला रांगेत शेवटचा. तेरा वर्षांच्या मुलाला त्या क्षणी हे ऐकायचं होतं असं मला वाटत नाही. पण पुढच्या रविवारपासून तो एका कंपनीत निम्म्याहून जास्त पैसे घालत नाही, एवढं खरं.

आता तक्रारी. नोटा अगदी पातळ, दुसऱ्या आठवड्यात कोपरे गेले, आणि मोड देता देता बँकवाला रडकुंडीला येतो. आम्ही नोटा डब्यात टाकल्या आणि वही घातली. प्रत्येकाचं एक पान : रोख, शेअर, सही. हिशोबाला खेळाबाहेरचा माणूस मिळाला तर उत्तम, खेळणाऱ्यालाच बँक दिलीत तर तो तरी हरेल नाहीतर बँक तरी. पत्ते बरे आहेत, पण लॅमिनेशन नावाला. दहाच्या आतल्या मुलांना मोठ्या गुणाकारांचा कंटाळा येतो. पुतणी चौथीत आहे, तिला आम्ही भाव पुकारायचं काम दिलं, ती त्यात खूश असते.

शेअर बाजार शिकायला म्हणून घेत असाल तर जरा थांबा. ताळेबंद, नफा, लाभांश, यातलं इथे काही नाही. मागणीने भाव हलत नाही, ही तर मोठीच खोट. आणि दुसऱ्याला माहीत नसलेल्या बातमीवर सौदा करणं, ज्याला बाहेर इनसायडर ट्रेडिंग म्हणतात, तोच इथे मुख्य धंदा. भाऊजी मोबाइलवर ऑप्शन करतात, म्हणजे पुढच्या भावावर पैज लावणारे वायद्यांचे सौदे. २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वायद्यांत उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, हा सेबीचा आकडा जाऊबाई त्यांना दर रविवारी पत्ते वाटताना ऐकवतात. टेबलावर थापांत त्यांचा हात कुणी धरत नाही, पण नऊ महिन्यांत ते दोनदाच जिंकलेत. सर्वांत जास्त वेळा सासूबाई. कशा, ते आता सांगते.

मार्चमध्ये वोक्हार्टच्या एका उणे दहावर चहा सांडला. पुसला, वाळवला, पण पाठीवर तपकिरी डाग राहिला. आता तो कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसतं. नवा डबा आणू म्हटलं तर आई म्हणाल्या, ‘एका पत्त्यासाठी? राहू दे.’ गेल्या रविवारी तो डाग त्यांच्याच हातात होता, आमच्याकडे तोंड करून. पहिल्या फेरीत त्यांनी वोक्हार्टचे दहा हजार घेतले. दुसऱ्या फेरीत आणखी दहा. भाऊजी म्हणाले, आई थाप मारतेय, तिसऱ्या फेरीत विकणार. मुलगा म्हणाला, आजीकडे अधिकचे दोन असणार. मी पास म्हटलं. तिसऱ्या फेरीत शेवटची पाळी आईंची होती. त्यांनी चष्मा पुसला, आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि पत्ते टेबलावर पालथे ठेवून म्हणाल्या, ‘पास. आता कुकर लावते, तोवर बेरीज करा.’

वोक्हार्ट पस्तीसवर बंद झाला.