पालक-कोचिंगचा व्यवसाय: आधी मन घडवावे की आधी काम करावे?

पालकांना मार्गदर्शन करण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केलेल्या व्यक्तीला काही महिन्यांतच एका अडचणीला तोंड द्यावे लागते. मुलांच्या वाढीचा अभ्यास असतो, पालकांशी बोलण्याची हातोटी असते, मदतीची तळमळही असते. तरीही फी सांगताना आवाज खाली जातो, एखादा नकार मनात घोळत राहतो आणि आपल्याहून जाणकार माणसे असताना लोकांनी आपल्याकडे का यावे, अशी शंका सतावू लागते. मग यशाला पोषक मानसिकता घडवायला हवी, एवढे पटते. ती घडवायची कशी, याबद्दल मात्र एकमत होत नाही. आधी मनातले अडसर दूर करा, असे काही जण सांगतात. आधी कामाला लागा, मन मागून येईल, असे काहींचे म्हणणे असते. आणि काही जण अभ्यासक्रमाकडे किंवा मेंटॉरकडे, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकाकडे, बोट दाखवतात. या तीन मार्गांपैकी एकाची निवड करू पाहणाऱ्यांसाठी ही तुलना आहे. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, पण तो प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून मानवेल, असे मी म्हणणार नाही.

या व्यवसायाचे एक वेगळेपण आधी ध्यानात घ्यावे लागते. हिशेबनिसाच्या घरातला जमाखर्च कुणी तपासायला जात नाही, पालक-कोचला मात्र "तुमची मुले तुमचे ऐकतात का?" हा प्रश्न कधी उघडपणे, तर कधी नजरेने विचारला जातोच. त्यामुळे घरात मुलाशी झालेला वाद हा व्यावसायिक पात्रतेवरचा डाग वाटू लागतो. पात्रता असूनही आपण तोतये आहोत असे वाटण्याच्या अनुभवाचे वर्णन मानसशास्त्रज्ञ पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 1978 मध्ये केले होते. पालक-कोचच्या बाबतीत या अनुभवाला घर आणि काम अशा दोन्ही बाजूंनी खतपाणी मिळते.

पहिला मार्ग आतून सुरू होतो. स्वतःला रोज सकारात्मक वाक्ये ऐकवणे, यशस्वी व्यवसायाचे चित्र डोळ्यांसमोर आणणे, पैशाविषयीच्या जुन्या समजुती लिहून काढणे, हे त्याचे नेहमीचे प्रकार आहेत. खर्च जवळपास नाही आणि सुरुवात आजच करता येते, हे त्याचे मोठे आकर्षण आहे. पण ज्यांना त्याची सर्वाधिक गरज वाटते, त्यांनाच तो उलटा पडण्याचा धोका असतो. जोॲन वुड आणि सहकाऱ्यांच्या 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, मुळात आत्मसन्मान कमी असलेल्या व्यक्तींना स्वतःविषयीचे गोड विधान पुन्हा पुन्हा उच्चारल्यावर बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटले. गाब्रिएले ओटिंगेन आणि थॉमस वॉडन यांनी 1991 मध्ये वजन कमी करण्याच्या एका उपक्रमातील स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात यशाची खात्री बाळगणाऱ्यांचे वजन अधिक उतरले, मात्र यशाच्या सुखद कल्पनेत रमणाऱ्यांचे कमी उतरले. अपेक्षा आणि दिवास्वप्न यांतला हा फरक पहिला मार्ग निवडणाऱ्याने सतत जवळ बाळगावा.

या मार्गात टिकाऊ असे जे आहे, ते ओटिंगेन यांच्याच पुढच्या कामात आणि पीटर गॉलविट्झर यांच्या 'जर-तर' योजनांमध्ये सापडते. हव्या असलेल्या परिणामाच्या शेजारी खरी अडचण मांडायची आणि ती समोर आल्यावर नेमके काय करायचे, ते आधीच ठरवून ठेवायचे. "मी यशस्वी कोच आहे" या वाक्यापेक्षा "पालकांनी 'विचार करून सांगतो' म्हटले, तर मी फी कमी न करता पुढच्या बोलण्याचा दिवस ठरवून घेईन" हे वाक्य ऐन वेळी कितीतरी अधिक उपयोगी पडते.

दुसरा मार्ग कामापासून सुरू होतो. त्याचा आधार मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेल्या स्वक्षमतेच्या सिद्धांतात आहे. आपल्याला हे जमेल, हा विश्वास त्यांच्या मते चार ठिकाणांहून येतो: स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या वेळची शारीरिक व भावनिक अवस्था. यांत पहिला स्रोत सर्वांत बळकट आहे. धीराचे शब्द मोलाचे असतात, पण प्रत्यक्ष अनुभव विरुद्ध गेला की त्यांचा प्रभाव लवकर ओसरतो.

हे प्रत्यक्षात कसे उतरते, ते पहिल्या भेटीच्या शेवटी दिसते. रोज सकाळी शाळेच्या तयारीवरून घरात आरडाओरडा होतो, असे एक आई सांगत आहे. कोच शांतपणे ऐकते, आदल्या रात्री काय होते हे विचारते, आणि आईच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैलावतो. मग आई फी विचारते. कोच आकडा सांगते, क्षणभर कुणीच बोलत नाही, आणि त्या शांततेत कोचच घाईने म्हणते, "पण जमत नसेल, तर कमी करता येईल." आईने अद्याप काहीही म्हटलेले नसते, कदाचित ती फक्त आठवड्यातला कोणता वार सोयीचा आहे, याचा विचार करत असते. या कोचने करायची कृती अगदी लहान आहे: आकडा सांगायचा आणि समोरून उत्तर येईपर्यंत थांबायचे. प्रत्येक भेटीनंतर वहीत तारीख, सांगितलेला आकडा, त्यानंतर आधी कोण बोलले आणि काय उत्तर मिळाले, एवढे लिहून ठेवावे. काही भेटींनंतर ही वही जो पुरावा देते, तो स्वतःचा असल्यामुळे मनाला सहसा नाकारता येत नाही.

या मार्गाचा दोष म्हणजे सुरुवातीचे अपयश तो लपवत नाही. शिवाय पालक-कोचिंगचे फळ कोचच्या हाती पूर्णपणे कधीच नसते. मुलाचा स्वभाव, घरातली इतर माणसे, पालकांची झोप आणि नोकरी, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून मोजायचे काय, हे विचारपूर्वक ठरवावे लागते. काम नवे आणि गुंतागुंतीचे असताना ठरावीक निकाल गाठण्याच्या ध्येयापेक्षा शिकण्याचे ध्येय अधिक उपकारक ठरते, असे ध्येयनिश्चितीवरील संशोधन सांगते. पहिल्या वर्षी 'इतके ग्राहक' हे एकमेव ध्येय ठेवण्याऐवजी 'अमुक वयाच्या मुलांच्या पालकांना नेमके काय नडते, हे समजून घेणे' हे ध्येय ठेवणारा माणूस नकारातूनही काहीतरी घेऊन परततो.

येथे पालक-कोचला एक जमेची बाजू आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये दाखवले की, बुद्धीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर खचली आणि प्रयत्नांची स्तुती झालेली मुले अधिक चिकाटीने टिकून राहिली. ही गोष्ट आपण पालकांना तळमळीने समजावतो आणि स्वतःला मात्र महिन्याच्या मिळकतीवरून हुशार किंवा नालायक ठरवतो. तरीही ग्रोथ माइंडसेटच्या, म्हणजे क्षमता प्रयत्नांनी वाढते या धारणेच्या, नावाने जे काही सांगितले जाते, त्यावर सरसकट विसंबू नये. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात शालेय यशावरचा त्याचा परिणाम एकंदरीत क्षीण आढळला. दृष्टिकोन बदलला आणि सरावाची पद्धत तीच राहिली, तर फारसे काही हलत नाही.

तिसरा मार्ग दुसऱ्यांच्या सोबतीचा आहे: प्रमाणपत्र, मेंटॉर किंवा समव्यावसायिकांचा गट. 1995 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी किमान 60 तासांचे प्रशिक्षण, 10 तासांचे मेंटॉर-मार्गदर्शन आणि प्रत्यक्ष कोचिंगचा किमान 100 तासांचा अनुभव लागतो. पुढच्या पातळीला हाच अनुभव 500 तासांवर जातो. या आकड्यांकडे नीट पाहिले, तर तिसऱ्या मार्गातही सर्वांत मोठा वाटा दुसऱ्या मार्गाचाच आहे, हे लक्षात येते. ज्यांना कामाची चौकट हवी आहे, त्यांना या मार्गाचा खरोखर फायदा होतो. ज्यांना पालकांसमोर बसण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी मात्र तो लपण्याची जागा ठरू शकतो. एक अभ्यासक्रम संपला की दुसरा सुरू होतो आणि व्यवसाय 'तयारी पूर्ण झाल्यावर' सुरू होणार असतो.

तिन्ही मार्गांना लागू पडणारी एक गोष्ट घराशी निगडित आहे. मुलाला परिपूर्ण आईची गरज नसून पुरेशा चांगल्या आईची असते, हा बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांचा विचार आपण पालकांना सांगतो. तो कोचच्या घरालाही तितकाच लागू आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या 2012 च्या प्रयोगांत, अवघड चाचणीत अपयश आल्यावर स्वतःकडे करुणेने पाहण्यास सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या चाचणीच्या अभ्यासाला अधिक वेळ दिला. स्वतःला माफ केले की माणूस सैल पडतो, ही भीती निदान तेथे तरी खरी ठरली नाही.

आणि एका बाबतीत मी ठाम आहे: 'कोणत्याही कुटुंबाला मी मार्गावर आणू शकतो' ही यशाची मानसिकता नव्हे. घरात हिंसा असेल, पालक खोल नैराश्यात असतील किंवा मूल स्वतःला इजा करत असेल, तर ते काम तज्ज्ञांचे आहे आणि त्यांच्याकडे पाठवणे हाच कोचचा धर्म आहे. अशा वेळी ग्राहक गमावण्याची भीती वाटली, तर आपला विश्वास कशावर उभा आहे, हे तपासून पाहावे.

निवड करताना स्वतःची अडचण कोणत्या क्षणी येते, हे पाहावे. पालकांना पहिला संदेश पाठवण्याआधीच हात थांबत असेल, तर 'जर-तर' योजनेपासून थोडे दिवस सुरुवात करावी. भेटी होत असतील पण फीपाशी किंवा नकारापाशी गाडी अडत असेल, तर वही घेऊन दुसऱ्या मार्गाला लागावे. भेटी होतात, पैसेही मिळतात, पण आपण नेमके कसे बोलतो हेच कळत नसेल, तर मेंटॉर शोधावा. मात्र त्याला पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारावा: पालकांच्या परवानगीने केलेले माझ्या सत्राचे ध्वनिमुद्रण ऐकून तुम्ही त्यावर वाक्यागणिक अभिप्राय द्याल का? होकार मिळाला नाही, तर दुसरा मेंटॉर पाहावा.