थंडीतली नेमबाजी: रायफल गार ठेवावी की उबेत, तेल लावावं की पुसावं

शून्याखाली रायफल अडते ती बहुतेक वेळा ओलीमुळे, नाहीतर घट्ट झालेल्या तेलामुळे. नुसत्या गारठ्याने पोलादाचं फारसं काही बिघडत नाही. म्हणून खालचा कुठलाही पर्याय निवडताना दोन गोष्टी बघायच्या: यात पाणी कुठे साचेल आणि काय आखडेल.

मुक्काम कुठे: बाहेर की घरात

घरात 20 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण 9 अंशांवर येतो. उणे 10 अंशांतून आणलेली रायफल अशा खोलीत आली की लगेच घामेजते. बॅरलवरचं पाणी दिसतं आणि पुसताही येतं. बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) पोटात, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत आणि ट्रिगरच्या सांध्यांत बसलेलं पाणी दिसत नाही. तासाभराने रायफल पुन्हा बाहेर नेली की तेच गोठतं. मग सेफ्टी हलत नाही, फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) अडखळते किंवा सीअर (ही पिन रोखून धरणारी खिटी) जागेवर नीट बसत नाही. यातला शेवटचा प्रकार खरा धोक्याचा, कारण अर्धवट बसलेला सीअर बोल्ट बंद करताना किंवा सेफ्टी काढताना सुटून बार उडू शकतो.

सलग काही दिवस नेमबाजी असेल तर रायफल न तापवलेल्या, कोरड्या, कुलूपबंद जागेत ठेवणं उत्तम. घाम येत नाही, झिरो (ठरलेल्या अंतरावर जुळवलेला नेम) फारसा हलत नाही आणि काडतुसंही त्याच तापमानात राहतात. अट इतकीच की ठेवताना ती पूर्ण कोरडी हवी. बर्फ लागलेली रायफल तशीच पिशवीत कोंबली तर सकाळी बोल्ट आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) एकजीव झालेले सापडतील.

रोज संध्याकाळी काम संपत असेल किंवा बाहेर सुरक्षित जागाच नसेल, तर घरात आणायला हरकत नाही, पण रीतसर. दाराबाहेरच मॅगझिन काढून चेंबर (काडतूस बसण्याची जागा) रिकामं असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करायची. रायफल जाड प्लास्टिकच्या पिशवीत किंवा हवाबंद केसमध्ये घालून तोंड बाहेरच बंद करायचं, म्हणजे आत गार, कोरडी हवाच राहते. घरात हीटरपासून लांब किमान 4 ते 6 तास ठेवायची, रात्रभर ठेवली तर अधिक चांगलं. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमतं, रायफलीवर नाही. पिशवी उघडल्यावर बोल्ट काढून पुसायचा, बॅरलमधून कोरडे पॅच (कापडी तुकडे) घालायचे आणि मग तेलाचा हलका हात फिरवायचा. सप्रेसर (आवाज कमी करणारी नळी) असेल तर काढून वेगळा वाळवावा. गोळीबारातल्या वायूची वाफ त्यात साचते आणि बॅरलवर तसाच ठेवला तर ओल नळीच्या तोंडाशी गंज धरते.

दोन्हीपेक्षा वाईट मार्ग मधला. दुपारच्या जेवणाला उबदार खोलीत किंवा हीटर लावलेल्या गाडीत रायफल अर्धा तास आणायची आणि पुन्हा बाहेर न्यायची, हे टाळाच. जेवायला तुम्ही आत जा, रायफल कुणाच्या तरी नजरेखाली बाहेरच राहू द्या.

तेल: नेहमीचं, सिंथेटिक की काहीच नाही

नेहमीचं खनिज तेल थंडीत जाड होतं आणि ग्रीस त्याहून लवकर. फायरिंग पिनच्या वाटेत ते असेल तर पिन हळू जाते, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीवर) उथळ खूण पडते आणि काडतूस फुटत नाही. काडतूस चांगलं, स्प्रिंग चांगली, तरी बार होत नसेल तर आधी इथेच बघावं. मात्र बार झाला नाही म्हणून बोल्ट लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबा.

कमी तापमानासाठी बनवलेलं सिंथेटिक तेल पातळ राहतं. ते बोल्टचे लग (बोल्ट जागेवर अडकवणारे दात) आणि कॉकिंग कॅम (फायरिंग पिन मागे ओढणारा उतार) या घासणाऱ्या जागांना लागतंच, पण प्रमाण थेंबाचं. चिंधीवर एक थेंब, चिंधी भागावरून फिरवायची आणि दुसऱ्या कोरड्या चिंधीने पुसून घ्यायची. बोटाला चिकटपणा जाणवला तर तेल जास्त आहे. तेल पातळ असलं तरी त्यात भुरभुर बर्फ बसला की लगदा होतो.

तिसरा मार्ग पूर्ण कोरडा. बोल्ट उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे सुटा करायचा. फायरिंग पिन, तिची स्प्रिंग आणि बोल्टची आतली नळी डीग्रीझरने धुऊन वाळवायची आणि कोरडंच जोडायचं. फार तर ग्रॅफाइटची चिमूटभर पूड. धुताना लाकडी दस्ता आणि स्कोप लांब ठेवा, कारण द्रावण पॉलिश आणि रबर खातं. हे काम उबेत, पण हवा खेळती असलेल्या जागी करा. गोठणाऱ्या थंडीत द्रावण उघड्या हातावर सांडलं तर कातडीला हिमदंश होऊ शकतो.

बोल्ट ॲक्शनला (दर बाराला बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीला) उणे 10 अंशांपर्यंत सिंथेटिक तेलाचा पुसट थर चालून जातो. त्याखाली बोल्टचं पोट कोरडं आणि फक्त लगला तेल. सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) पूर्ण कोरडी चालवू नका. तिचा कॅरियर (बोल्ट मागे-पुढे नेणारा भाग) दर बाराला घासत पळतो, त्याला सिंथेटिक तेल हवंच. थंडीत भरवसा कुणाचा, असं विचाराल तर बोल्ट ॲक्शन. हाताच्या जोराने ओढता येते आणि कुठे अडकलं तेही हाताला कळतं. कोरडी ठेवलेली रायफल मोसम संपला की परत तेलावर आणायला मात्र विसरू नका, नाहीतर आतून गंज चढेल.

हातमोजे

पाच बोटांचे जाड मोजे दिसायला योग्य, पण ट्रिगरसाठी कुचकामी. बोट ट्रिगर गार्डमध्ये शिरताना कापडच ट्रिगरला आधी टेकतं. बायॅथलॉनच्या (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या खेळाच्या) नियमांत ट्रिगरचं वजन किमान 500 ग्रॅम आहे, आणि एवढ्या हलक्या ट्रिगरला बधिर बोट आणि जाड कापड दोन्ही नकोत. आत पातळ लोकरी किंवा सिंथेटिक अस्तर आणि वर टोपण उलटणारी मिटन, ही जोडी सगळ्यात सोयीची. वाट बघताना टोपण बंद, बाराच्या वेळी उघडं. ओल्या अस्तराने धातू धरला तर ते चिकटतं, म्हणून खिशात दुसरा जोड ठेवावा.

जाड जाकिटामुळे दस्ता खांद्यापासून पुढे सरकतो आणि स्कोपचं अंतर बिघडतं. दस्त्यात स्पेसर असतील तर साधारण 1 सेंटिमीटरचा एक काढून बघा. ॲल्युमिनियमच्या चासीवर (दस्त्याऐवजी बसवलेल्या सांगाड्यावर) गाल टेकत असेल तर तिथे फोम किंवा कापडी पट्टी लावा. लाकूड गालाला मवाळ लागतं, पण ओल शोषतं. सिंथेटिक दस्ता इथे सरळ पुढे.

एअर रायफल घेणार असाल तर

कार्बन डायऑक्साइडवर चालणारी थंडीत घेऊच नका. त्या वायूचा दाब 20 अंशांना सुमारे 57 बार (हे दाबाचं एकक), शून्याला 35 आणि उणे 20 ला जेमतेम 20 बार असतो. पीसीपीचा (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीचा) फरक सौम्य आहे. 20 अंशांना 200 बार भरलेली टाकी उणे 10 ला साधारण 180 बार दाखवते, आणि रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) असेल तर मारा तसाच राहतो. हातपंपाने भरलेल्या दमट हवेतलं पाणी मात्र व्हॉल्व्हजवळ गोठू शकतं. कोरड्या हवेचा सिलिंडर बरा. स्प्रिंगवाल्या रायफलीत जाड ग्रीस असेल तर पहिले काही छर्रे कमी वेगाने जातात.

काडतुसं, स्कोप, बॅटरी

काडतुसं खिशात गरम ठेवायची की बाहेर, यावर दुमत आहे. आमचं मत बाहेरचं. खिशातली आणि मॅगझिनमधली अशी दोन तापमानांची काडतुसं मिसळली की वेग दोन प्रकारचे मिळतात. बारूद दर अंशाला अर्धा मीटर प्रति सेकंद वेग गमावत असेल, तर 40 अंशांच्या फरकाला 20 मीटर प्रति सेकंद गेले. शिवाय उणे 20 ची हवा 20 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास 16 टक्के दाट असते. 100 मीटरवर हे फारसं जाणवणार नाही, 300 च्या पुढे नक्की जाणवेल. म्हणून झिरो थंडीतच तपासा. .22 मध्ये गोळीवरचं मेणही घट्ट होतं, तेव्हा ज्या लॉटने (एका खेपेत बनलेल्या काडतुसांनी) खेळायचं तोच गारठ्यात मारून बघा.

चांगल्या स्कोपमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, आतून तो धुरकटत नाही. बाहेरून धुरकटतो तो तुमच्या श्वासाने. काच फुंकर मारून साफ करू नका, ब्रश वापरा. ॲक्शनमधला (बोल्ट आणि रिसीव्हरच्या यंत्रणेतला) बर्फही फुंकरीने उडवू नका, त्या वाफेचंच पुढे बर्फ होतं. रेड डॉट (लाल ठिपक्याची दुर्बीण) आणि रेंजफाइंडरला (अंतर मोजणाऱ्या उपकरणाला) अल्कलाइनऐवजी लिथियम सेल घाला. अल्कलाइन उणे 20 च्या आसपास जवळपास मान टाकतो, तर लिथियमचे एए सेल उणे 40 पर्यंत चालतात. काही उपकरणांना एए लिथियम चालत नाही, पुस्तिका बघून घ्या.

नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक पातळ तुकडा लावला तर बर्फ आत जात नाही आणि बार त्यातून खुशाल काढता येतो. पण रायफल बर्फात पडली तर टेपवर विसंबू नका. ती रिकामी करा, बोल्ट काढा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघा. अडथळा असेल तर क्लीनिंग रॉडने साफ करा. बाराने बर्फ निघेल म्हणणाऱ्याची बॅरल फुगते, कधी फुटतेही.