दिवाडीच्या खाजनातली भारीट-फेरी : मार्चमध्येच जा

गोव्यात पक्षी दाखवणारे गाईड आता बरेच झालेत आणि बहुतेकांची फेरी ठरलेली असते, कुंभारजुव्याच्या खाडीत होडी, खंड्या, एखादा गरुड, नशीब असलं तर मगर, मग नाश्ता. वाईट नाहीये ते, पाहुणे आले की आम्हीही तेच करतो. पण मी लिहितेय ती फेरी वेगळी आहे. दिवाडी बेटावर खाजनातल्या, म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतांत, कापणीनंतर, फक्त दाणे टिपणाऱ्या छोट्या पक्ष्यांसाठी. गाईड एकटाच काम करतो आणि नाव-नंबर ऑनलाइन नको म्हणाला, म्हणून टाकत नाही. पण तुमचा नेहमीचा गाईड असेल त्याला ही फेरी मागून बघा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून पहिल्या फेरीबोटीने पलीकडे, मग मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) बाजूने बांधावरून चालत. मुख्य पाहुणा म्हणजे काळ्या डोक्याचा भारीट (इंग्रजीत बंटिंग). लांबून चिमणीच वाटते, पण नर नीट दिसला की डोकं काळंकुळकुळीत, पोट पिवळंधमक, पाठ विटकरी. हा घरटं करतो बाल्कन, तुर्कस्तान, इराणकडे आणि हिवाळा काढायला जवळजवळ सगळाच्या सगळा भारतात येतो, त्यातही पश्चिम आणि मध्य भारतात. म्हणजे आपलं शेत बिघडलं तर ह्या पक्ष्याला जायला दुसरी जागा फारशी नाही, हे डोक्यात ठेवून थवा बघा, बघणं बदलतं.

मला फेरी आवडली ती ह्यासाठी की गाईड फक्त नाव सांगून पुढे गेला नाही, बांधावर बसवलं आणि तो पक्षी ह्या दिवसांत असं अधाशासारखं का खातोय ते सांगितलं. लखनौ विद्यापीठात आणि नंतर दिल्लीत प्रा. विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच भारिटावर कितीतरी वर्षं काम केलंय. पिंजऱ्यातल्या भारिटांना दिव्याने लांब दिवस दिला की ते जास्त खायला लागतात, अंगावर चरबी चढते आणि रात्री झोपायच्या वेळी पंख फडफडवत बसतात, म्हणजे बाहेर असते तर निघाले असते. लहान दिवसात ठेवलेल्यांना ह्यातलं काही होत नाही. आता गोव्यात डिसेंबरचा दिवस आणि जूनचा दिवस ह्यांत पुरता दोन तासांचाही फरक नाही, तरी दिवस वाढतोय हे पक्ष्याच्या शरीराला बरोबर कळतं. चरबी कुठे दिसते तेही त्याने सांगितलं, गळ्याच्या खाली इंग्रजी व्ही सारखं हाड असतं त्याच्या खळग्यात, अभ्यासक पक्षी हातात धरून पिसांवर फुंकर मारतात आणि पिवळसर चरबी किती भरलीय त्यावरून निघायची तयारी ओळखतात. (आपण कोणी पक्षी पकडायचा नाही, त्याला परवानगी लागते, हेही त्याने लगेच बजावलं, बरं केलं.)

मग अमेरिकेतल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या चिमणीवर गेला. ती आपल्या घरचिमणीची नाही तर भारिटाच्या जवळची, त्यामुळे विषय सुटला नाही. 2004 मध्ये तिच्या मेंदूच्या लहरी मोजून दिसलं की स्थलांतराच्या मोसमात ती नेहमीपेक्षा साधारण दोन तृतीयांश कमी झोपते आणि तरी शिकण्याच्या चाचणीत मागे पडत नाही, पण इतर मोसमात झोपू दिलं नाही तर पडते. आणि 2007 चा प्रयोग तर ऐकण्यासारखा, वॉशिंग्टन राज्यात 30 चिमण्या धरल्या, अर्ध्या मोठ्या अर्ध्या त्याच वर्षीच्या पिल्लं, 3700 किलोमीटर लांब न्यू जर्सीत नेऊन सोडल्या आणि अंगावर ट्रान्समीटर लावून छोट्या विमानातून मागोवा घेतला. पिल्लं सरळ दक्षिणेला निघाली, जशी मूळ जागेवरून निघाली असती तशीच. मोठ्यांनी मात्र दिशा दुरुस्त केली आणि हिवाळ्याच्या आपल्या जागेकडे वळल्या. म्हणजे दिशा जन्मतःच असते पण आपण कुठे आहोत हे एकदा तो प्रवास केल्यावरच कळतं. समोरच्या थव्यात पहिल्यांदाच परत जाणारेही असतील, हे ऐकल्यावर आमच्यातली एक शाळकरी मुलगी दुर्बीण खाली ठेवायलाच तयार नव्हती.

दोन-तीन गोष्टी खटकल्या. ग्रुप मोठा होता, बांधावर एकामागे एक उभं राहावं लागतं, मागच्यांना थवा उडाल्यावरच दिसला. सहापेक्षा जास्त माणसं घेऊच नयेत ह्या जागी. स्पॉटिंग स्कोप नव्हता, 1500 रुपये माणशी घेतल्यावर तो हवाच. आणि एका फिक्या तपकिरी मादीला त्याने बिनधास्त लाल डोक्याचा भारीट म्हटलं, मला पटलं नाही. दोन्हींच्या माद्या इतक्या सारख्या असतात की भल्याभल्यांना शेतात वेगळ्या करता येत नाहीत, तिथे 'दोघांपैकी एक' असंच लिहायला पाहिजे, कारण अशाच नोंदी पुढे कोणीतरी अभ्यासाला घेतं.

पण मोबाईलवर आवाज लावून पक्षी जवळ बोलावला नाही, शेतात कोणाला उतरू दिलं नाही, ह्याचे माझ्याकडून पूर्ण मार्क. निघायच्या आधी वजन वाढवणाऱ्या पक्ष्याला दहा वेळा उडवलं तर त्याचं खाणंच तुटतं. शेतात काम करणाऱ्या मावशीने "सवणीं पळोवंक आयल्यात?" (पक्षी बघायला आलात?) म्हणून विचारलं तर तिच्याशीही थांबून बोलला, थवे कधीपासून उतरतात ते तिलाच जास्त माहीत होतं.

शेवटी बेटावरच्या पिएदाद गावात चहा आणि पातळ भाजी-पाव. तिथे घरचिमण्या पायाशी दाणे टिपत होत्या, मी मुद्दाम विचारलं की ह्या का जात नाहीत. म्हणाला ह्या कायमच्या, पण हिचीच एक पोटजात मध्य आशियात राहते, ती माणसाच्या आसऱ्याला नसते आणि हिवाळ्यात भारत-पाकिस्तानच्या बाजूला उतरते. 2018 मध्ये दोघींचे जनुक ताडून पाहिले तेव्हा माणसाजवळच्या चिमण्यांत पिष्ट पचवण्याशी संबंधित जनुकाच्या भागात बदल दिसला, रानातलीत नाही. धान्याच्या कोठाराजवळ राहून राहून हे झालं असावं असं अभ्यासकांचं म्हणणं. ही माहिती फेरीच्या सुरुवातीला धक्क्यावरच दिली तर जास्त बरं, चहाच्या वेळी निम्मे लोक फोनवर होते.

जाणार असाल तर तारीख घ्यायच्या आधी वायंगण म्हणजे उन्हाळी भाताची कापणी कधी आहे ते विचारा, सांडलेल्या दाण्यावरच थवे येतात. एप्रिल सरत आला की पैसे घालवू नका. टोपी, पाणी, आणि लाल-पांढरे कपडे नकोत.